राळ, आग आणि एक छोटा सुतार : नॉर्थ कॅरोलायनातला रेड-कॉकेडेड वुडपेकर

शेवरी | १८ जानेवारी

गेल्या शनिवारी एका जिवंत पाइनच्या खोडात लाकडी पेटी बसवताना पाहिली. दोन विटा एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढी, सीडरच्या लाकडाची, पुढे दोन बोटं जातील एवढं भोक. माणूस वीस-बावीस फुटांवर शिडीवर, कमरेच्या पट्ट्याने खोडाला बांधून घेतलेला. त्याने चेनसॉने पेटीच्या मापाची खाच पाडली, पेटी ठोकून बसवली, फटींत लांबी (पुट्टी) भरली आणि शेवटी एक डबा उघडून भोकाभोवती पांढरा रंग ओघळू दिला. मी खाली उभी राहून अवजारं दोरीला बांधून वर देत होते. रंग कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, पक्ष्याला वाटलं पाहिजे की इथे आधी कोणीतरी राहून गेलंय.

ही पेटी रेड-कॉकेडेड वुडपेकरसाठी. आम्ही सँडहिल्समध्ये राहतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या दक्षिणेचा हा रेताड, उंचसखल पट्टा. इथे सगळे या पक्ष्याला नुसतं आरसीडब्ल्यू म्हणतात. मराठीत त्याला नाव असायचं कारणच नाही, कारण तो अमेरिकेच्या आग्नेय भागाबाहेर कुठेच सापडत नाही. आठ-नऊ वर्षं मी त्याच्या मागे आहे आणि त्याच्याबद्दल कोणाशी तरी आपल्या भाषेत बोलावं असं फार दिवसांपासून वाटत होतं, म्हणून हा धागा.

दिसायला साधा. साळुंकीपेक्षा लहान, वजन पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम. पाठीवर काळ्यापांढऱ्या आडव्या रेघा आणि गालावर मोठा पांढरा डाग, दुरून ओळखायची खूण तीच. नावातला 'लाल' शोधत बसलात तर फसाल. नराच्या कानामागे दोन-चार लाल पिसांची बारीक रेघ असते, ती बहुतेक वेळा झाकलेलीच. टोपीला खोचायच्या फितीच्या फुलाला तेव्हा कॉकेड म्हणत, त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सनने हे नाव दिलं.

आता त्याचं वेगळेपण. आपण पाहतो ते सुतार पक्षी बहुतेक वठलेल्या, कुजलेल्या लाकडात ढोली कोरतात, कारण ते मऊ असतं. हा पठ्ठ्या फक्त जिवंत पाइनमध्ये कोरतो. उत्तर अमेरिकेत असं करणारा दुसरा सुतार नाही. जिवंत पाइनच्या सालीखालच्या लाकडात राळ भरलेली असते, तिच्यात पक्षी अडकून मरू शकतो. म्हणून तो आधी एक बोगदा कोरतो, आत जाताना किंचित वर चढणारा, म्हणजे पाझरणारी राळ बाहेरच्या बाजूला वाहून जाते. थोडं कोरायचं, राळ सुकेपर्यंत थांबायचं, परत कोरायचं. असं करत तो मधल्या गाभ्यापर्यंत पोचतो. गाभ्यात राळ वाहत नाही, पण लाकूड कठीण असतं. ते मऊ करायला एक बुरशी लागते, आणि ती बुरशी लागते म्हाताऱ्या झाडांना. शिवाय अख्खी खोली मावेल एवढा जाड गाभाही म्हाताऱ्याच झाडाला असतो. म्हणजे ऐंशी, शंभर, सव्वाशे वर्षांचा पाइन हवा. एक ढोली पुरी व्हायला कित्येक वर्षं लागतात, कधी कधी दहासुद्धा. पक्ष्याचं आयुष्य ते केवढं!

घर एवढं महाग पडलं की कुटुंबाचं काय होतं ते पाहा. मुलगा घर सोडत नाही. एक जोडी, आणि तिच्याबरोबर आधीच्या वर्षांचे एक-दोन, कधी चार मुलगे. ते अंडी उबवायला बसतात, धाकट्या भावंडांना मुंग्या, झुरळं, कोळी आणून भरवतात आणि बापाची जागा मोकळी व्हायची वाट पाहतात. लेकी मात्र बहुतेक पहिल्याच वर्षी उडून जातात. रात्री प्रत्येकाला झोपायला आपली स्वतंत्र ढोली लागते. ज्याला ती नाही तो फांदीवर उघड्यावर रात्र काढतो. अशा जवळजवळच्या ढोलीवाल्या झाडांच्या समूहाला इथले लोक क्लस्टर म्हणतात, मी मनात वाडा म्हणते.

ढोली झाली की तिच्याभोवती तो रोज छोटी छोटी भोकं पाडतो, राळ वाहती ठेवायला. खोड वरून खालपर्यंत पांढरट, चकाकतं होतं, विझलेल्या मोठ्या मेणबत्तीसारखं. हे कुंपण सापासाठी आहे. इथला रॅट स्नेक झाडावर सरळ चढतो आणि ढोलीतली पिल्लं खातो. त्याला ती चिकट राळ नको असते. ढोलीत कोणी राहतं आहे का हे सांगायची खूणही राळच. ओली, पारदर्शक, भोकांच्या कडा लालसर असतील तर घर नांदतं आहे. राखाडी, सुकलेली असेल तर मालक गेला.

एके काळी व्हर्जिनियापासून पूर्व टेक्ससपर्यंत लाँगलीफ पाइनचं जंगल होतं, सुमारे ९ कोटी एकर. महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ साडेसात कोटी एकरांच्या आसपास भरतं, यावरून कल्पना करा. लाकडी जहाजांना लागणारं डांबर आणि टर्पेंटाइन याच झाडांतून निघायचं. नॉर्थ कॅरोलायनाच्या लोकांना अजून 'टार हील' म्हणतात ते त्यामुळेच. आधी राळेसाठी खोडं तासली, मग रेल्वे आली आणि उभी जंगलं कापून नेली. उरलं सुमारे ३० लाख एकर, तेही तुकड्यातुकड्यांत. याच दक्षिणेतला आयव्हरी-बिल्ड नावाचा मोठा, देखणा सुतार त्या तोडीत गेला. त्याचं सर्वमान्य असं शेवटचं दर्शन १९४४चं, लुइझियानातलं. आमचा छोटा कसाबसा तगला. १९७०मध्ये तो एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष व्हायच्या धोक्यातल्या, प्राण्यांच्या यादीत गेला.

२०२४च्या ऑक्टोबरात सरकारने त्याला 'एन्डेंजर्ड'वरून 'थ्रेटन्ड'वर, म्हणजे एक पायरी कमी धोक्याच्या गटात, आणलं. सत्तरच्या दशकात जेमतेम दीड हजार वाडे मोजले गेले होते, आता सुमारे ७,८०० आहेत. आनंदच व्हायला हवा, झालाही. पण त्या शनिवारी शिडीखाली उभी असताना सारखं मनात येत होतं की यातले कितीतरी पक्षी माणसाने बसवलेल्या पेट्यांत झोपतात. पेटीचं लाकूडही काही वर्षांनी कुजतं, बदलावं लागतं. झाडं अजून म्हातारी व्हायची आहेत. तोवर हे हात थांबले तर?

---

अनघा_पुणे | १८ जानेवारी

शेवरी, किती दिवसांनी असं काही वाचलं! बोगदा वर चढता कोरतो हे तर दोनदा वाचलं. एक विचारू का, ही पेटीची कल्पना कोणाला सुचली? आणि पक्षी खरंच येतात का तिच्यात?

---

सह्यवारी | १९ जानेवारी

धाग्याच्या नावात 'आग' आहे, पण लेखात आग कुठेच आली नाही. राहून गेलं का?

---

शेवरी | १९ जानेवारी

@सह्यवारी, हो, राहूनच गेलं, पुढे लिहिते. आधी अनघाताईंच्या प्रश्नाबद्दल.

पक्षी कमी का, यावर बरीच वर्षं तर्क चालले होते. जेफ वॉल्टर्स हे पक्षी-अभ्यासक आणि त्यांचे सहकारी इथे सँडहिल्समध्ये पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून एकेकाचा हिशेब ठेवत होते. त्यांच्या लक्षात आलं की चांगलं रान रिकामं पडलेलं असतं आणि तरुण नर मात्र बापाच्या घरी थांबून राहतात. म्हणजे अडचण ढोलीची असणार. कॅरोल कोपीयन यांनी जिवंत पाइनमध्ये ड्रिलने ढोली कोरायची रीत बसवली. रिकाम्या रानात २० ठिकाणी अशा ढोल्या करून दिल्या, त्यांतल्या १८ ठिकाणी पक्षी राहायला आले. जवळपासच्या, पण ढोल्या न केलेल्या तशाच रानात कोणी फिरकलं नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. एवढा साधा प्रश्न, आणि पक्ष्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

याच सुमाराला सप्टेंबर १९८९मध्ये ह्यूगो वादळ साउथ कॅरोलायनात शिरलं. फ्रान्सिस मॅरियन नॅशनल फॉरेस्टमध्ये या पक्ष्याची पावणेपाचशेच्या वर कुटुंबं होती, सगळ्यांत दाट वस्त्यांपैकी एक. एका रात्रीत ढोलीची दहांतली जवळजवळ नऊ झाडं मोडली. मोडली कुठे, तर ढोलीपाशीच, कारण खोड तिथेच पोकळ. साठ टक्क्यांहून जास्त पक्षी गेले. वाचले त्यांना झोपायला जागा नव्हती, आणि नवी ढोली कोरायला वर्षं लागणार. तेव्हा डेव्हिड अ‍ॅलन यांची पेटीची युक्ती उपयोगी पडली. तयार पेटी, खोडात खाच, तासाभरात घर. शेकडो पेट्या बसल्या आणि त्या रानात आज पुन्हा शेकडो कुटुंबं आहेत. २०१८मध्ये मायकल वादळाने फ्लोरिडातल्या अपालाचिकोलाच्या रानाला झोडपलं तेव्हा माणसं पेट्या घेऊन लगेच धावली, ती याच अनुभवावर.

तर हो, येतात. मात्र खोड निदान पंधरा इंच व्यासाचं हवं, नाहीतर झाड पेटीपाशी मोडतं.

---

माडाखाली | १९ जानेवारी

फार छान. मी दोडामार्गजवळ राहतो. आमच्याकडे काळा सुतार आहे, कावळ्यापेक्षा मोठा, पोट पांढरं, नराचा माथा लालभडक. तिलारीच्या रानात त्याची टकटक ऐकली की हातातलं काम थांबतं. त्याला मोठी, उंच झाडं लागतात, आणि उभी वठलेली झाडं तर हवीतच. रबराच्या आणि अननसाच्या बागांसाठी डोंगरच्या डोंगर मोकळे झालेत इथे. २०२०मध्ये तिलारी संवर्धन राखीव झालं, त्याच्या हद्दीत तरी थोडा निवांतपणा आहे. याच जातीची उपजात जपानच्या त्सुशिमा बेटावर होती, ती १९२०च्या सुमारास संपली. कोरियात तिला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला, पण दक्षिण कोरियाच्या रानातून तीही नाहीशी झाली. आपल्याकडे आहे तोवर काही करायला हवं असं सारखं वाटतं.

---

सह्यवारी | २० जानेवारी

आगीची वाट पाहतोय. :)

---

शेवरी | २० जानेवारी

घ्या, आग.

लाँगलीफचं रान आगीवर जगतं. इथे वीज पडून दर दोन-चार वर्षांनी जमिनीलगत आग पसरायची. इथले मूळ रहिवासीही गवत पेटवायचे. आगीत खालचं गवत जळतं, ओकची रोपं जळतात, पाइन उभा राहतो. त्याच्या रोपाची तऱ्हा तर बघण्यासारखी. पहिली काही वर्षं ते वाढतच नाही, नुसता गवताचा हिरवा झुबका दिसतो. जमिनीखाली मात्र मूळ खोल खोल जात असतं. आग आली की लांब सुया जळतात, मधला कोंब वाचतो. मग एखाद्या वर्षी ते एकदम उंच उठतं आणि आगीच्या टप्प्याच्या वर निघून जातं. पहिल्यांदा हे झुबके पाहिले तेव्हा मी त्यांवर पाय देऊन चालले होते, गवत समजून. बरोबरच्या बाईंनी हाताला धरून बाजूला घेतलं.

विसाव्या शतकात 'आग वाईट' असं सगळ्यांना शिकवलं गेलं आणि आगी बंद झाल्या. ओक वाढले. ते ढोलीच्या उंचीला पोचले की आरसीडब्ल्यू वाडा सोडून जातो. झाड आहे, ढोली आहे, राळ आहे, तरी जातो. म्हणून आता दर दोन-तीन वर्षांनी मुद्दाम आग लावतात. वाऱ्याची दिशा, हवेतला ओलावा पाहून, कडेला पट्टा मोकळा करून, डिझेल आणि पेट्रोलच्या मिश्रणाची ठिबकणारी मशाल घेऊन माणसं रांगेत चालतात. ढोलीच्या झाडाभोवतीचा पालापाचोळा आधी दंताळ्याने ओढून घेतात, कारण राळेने माखलेलं खोड क्षणात पेट घेईल. मी तेच काम करते, दंताळ्याचं. आग लागल्यावर दोन दिवसांनी रान काळं, आठवड्याने हिरवे कोंब, आणि वायरग्रास नावाचं गवत, जे वाढीच्या हंगामात आग लागल्यावरच नीट फुलतं, ते शरदात सोनेरी तुऱ्यांनी भरून जातं.

सगळ्यांत चांगलं उरलेलं रान कुठे आहे ठाऊक आहे? फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर. तोफांच्या सरावात गवत वारंवार पेटायचं, म्हणून तिथे ओक माजलेच नाहीत. १९९०च्या सुमारास पक्ष्यामुळे सरावावर बंधनं आली तेव्हा सैन्य आणि वन्यजीव खातं यांच्यात मोठा तणाव होता. ढोलीच्या झाडांना पांढरे पट्टे रंगवले आणि दोनशे फुटांच्या आत काय करायचं नाही याचे नियम झाले. पुढे तळानेच माणसं नेमली, आगी लावल्या, पेट्या बसवल्या आणि २००६मध्ये पक्ष्यांचा ठरलेला आकडा मुदतीच्या पाच वर्षं आधी गाठला. मग बंधनंही सैल झाली.

---

सह्यवारी | २० जानेवारी

हे वाचून मी अस्वस्थ झालो, खरं सांगतो. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही आठ-दहा जण ओल्या फांद्या घेऊन डोंगरावर वणवे विझवायला जातो. गवत चांगलं येतं म्हणून लोक काडी लावतात. मागच्या वर्षी एका कड्याखाली सरडे, कासव, टिटवीची अंडी, सगळं होरपळलेलं पाहिलं. 'आग रानाला चांगली असते' असं अमेरिकेतून कोणीतरी लिहिलंय म्हणून उद्या कोणी आमच्याच तोंडावर फेकलं तर?

---

शेवरी | २१ जानेवारी

सह्यवारी, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं, आणि हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं. हे सगळं लाँगलीफपुरतं आहे. त्या झाडाची साल, मूळ, रोप, त्याखालचं गवत, सगळं आगीबरोबरच घडलं. सह्याद्रीतल्या जांभूळ, अंजन, हिरड्याच्या रानाला दर वर्षीचा वणवा सोसत नाही. रोपं मरतात, माती धुपते. इथेसुद्धा कोणी उठून काडी लावत नाही; परवाना, प्रशिक्षण, पाण्याच्या गाड्या, शेजारच्या घरांना आधी कळवणं, हे सगळं असतं. माझं माहेर रायगडातलं. राब भाजतात ते मी लहानपणापासून पाहिलंय, त्यातही आजोबा वारा पडल्याशिवाय काडी लावू देत नसत. तुम्ही विझवता ते बरोबरच करता.

---

जुना_वनरक्षक | २३ जानेवारी

धागा वाचतो आहे. मी चंद्रपूर-गडचिरोली भागात तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. थोडं लिहितो.

आगीबद्दल. आमच्याकडे मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा साफ हवी म्हणून पेटवतात, तेंदूची पानं कोवळी फुटावीत म्हणून पेटवतात. पोटासाठी करतात, दुष्टपणाने नाही. आम्ही आग अडवायला जाळरेषा काढायचो, रात्र रात्र जागायचो. साग त्यातून निभावतो, बाकीच्या झाडांची रोपं उठत नाहीत. वर्षानुवर्षं जळालेलं रान मी पाहिलं आहे, मोठी झाडं उभी असतात आणि खाली मुलंबाळं नाहीत.

पण मला दुसरंच सांगायचं होतं. वठलेल्या झाडांबद्दल. आमच्या वेळी मेलेलं, मरू घातलेलं, रोगट झाड म्हणजे तोडायचं झाड, असंच शिकवलं होतं. घणाने खूण मारायची, मजूर तोडायचे. मीही मारल्या, शेकड्यांनी. १९९१-९२चा उन्हाळा असेल, असाच एक उभा वठलेला येन पाडला. पडल्यावर खोड फुटलं आणि आतून पोपटाची चार पिल्लं बाहेर आली. दोन जिवंत होती. एका मजुराने ती गमछात गुंडाळली. वरच्या बाजूला आणखी एक भोक होतं, सुताराचं, ताजं, खाली लाकडाचा भुसा पडलेला मी सकाळी पाहिला होता आणि तरी खूण मारली होती. पिल्लं संध्याकाळपर्यंत गेली. त्यानंतर ढोलीचं झाड दिसलं की मी खूण मारायची टाळू लागलो. विचारणा झाली तेव्हा 'लाकूड निकामी' असं लिहायचो.

आता यादीबद्दल. शेवरीताई, तुम्हाला दर्जा बदलल्याची धास्ती वाटते, मला तो निर्णय योग्य वाटतो. लोकांना, लष्कराला, जमीनमालकांना पन्नास वर्षं सांगितलं की पक्षी वाढले की बंधन हलकं होईल. वाढले. आता शब्द पाळायला नको का? नाही पाळला तर पुढच्या प्राण्यासाठी कोण राबेल? आणि खालच्या पायरीवर आला म्हणजे संरक्षण गेलं असं नाही ना?

---

शेवरी | २४ जानेवारी

वनरक्षक काका, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री आईला फोनवर वाचून दाखवला.

संरक्षण गेलेलं नाही, तुमचं बरोबर आहे. पक्ष्याला मारणं, ढोलीचं झाड तोडणं याला अजूनही मनाई आहे. दर्जा बदलताना वेगळा नियम करून बरंचसं कायम ठेवलं. आणि शब्द पाळण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. इथे उलटंही घडलेलं आहे. कायदा कडक, जमीन खासगी, तेव्हा लोक काय करायचे? पाइन म्हातारा व्हायच्या आत तोडून टाकायचे, म्हणजे पक्षी यायलाच नको. २००६मध्ये किनाऱ्याजवळच्या बॉइलिंग स्प्रिंग लेक्स गावात कुठल्या प्लॉटजवळ पक्षी आहेत याचा नकाशा येणार असं कळलं आणि लोकांनी घाईघाईने झाडं साफ केली.

त्यावर उपाय इथेच सँडहिल्समध्ये निघाला, १९९५मध्ये. नाव सेफ हार्बर. मालकाने करार करायचा : आज माझ्या जमिनीत इतके वाडे आहेत, तेवढे मी सांभाळेन. रान नीट ठेवल्यामुळे पुढे जास्त पक्षी आले तर त्या जास्तीच्यांमुळे माझ्यावर नवी बंधनं येणार नाहीत. पहिला करार केला पाइनहर्स्टच्या गोल्फवाल्यांनी. भीती गेली तसे लोक स्वतःहून ओक काढू लागले, आग लावू लागले.

तरी माझी धास्ती पूर्ण जात नाही, काका. कागदावर दर्जा उतरला की पैसे कुठून तरी कमी होतात, हे तुम्ही नोकरीत पाहिलंच असेल. आमच्याच वसाहतीच्या समितीने मागच्या वर्षी 'वादळात घरांवर पडतील' म्हणून नव्वदीच्या वरचे सात पाइन कापले. त्यांत ढोली नव्हती, म्हणून कायद्याची अडचणही नव्हती. पण पुढच्या वीस वर्षांत ढोली तिथेच झाली असती. मी बैठकीत बोलले, दोघांनी ऐकून घेतलं, झाडं गेली. बुंध्यावरची वर्तुळं मोजली मी, एकाची एकशे चारपर्यंत लागली.

---

माडाखाली | २४ जानेवारी

सेफ हार्बरचं वाचून एकदम लक्ष गेलं. सिंधुदुर्गात रान बहुतेक खासगी मालकीचं. इको सेन्सिटिव्ह झोनचं नुसतं नाव निघालं की लोक म्हणतात, आता आपल्याच जमिनीत आपल्याला काही करता येणार नाही, त्यापेक्षा आधी तोडून मोकळे होऊ. हे मी माझ्या चुलत्यांकडून ऐकलेलं आहे. त्यांना कोणी सांगितलं असतं की आहे तेवढं राखा, वाढलं तर शिक्षा नाही, तर ते थांबले असते. आमच्या सामाईक जमिनीत एक उभा वठलेला किंजळ आहे. यंदा तो चिरून फळ्या करायचं ठरत होतं. त्याला तीन भोकं आहेत. मी चुलत्यांना या धाग्यातली पोपटांची गोष्ट सांगितली. अजून होय म्हणाले नाहीत, पण करवतवाल्याला यंदा नको म्हणून निरोप गेलाय.

---

अनघा_पुणे | २५ जानेवारी

माडाखाली, त्या किंजळाबद्दल कळवत राहा. शेवरी, पेटीत कोणी आलं की नक्की सांग.

---

शेवरी | ९ मार्च

धागा वर काढते. काल लांब काठीवरचा छोटा कॅमेरा पेटीच्या भोकात घालून पाहिलं. पडद्यावर दोन मोठे काळेभोर डोळे. उडती खार! पाइनच्या सुयांचं मऊ अंथरूण करून झोपली होती. हे नेहमीचंच; खारी, ब्लूबर्ड, नटहॅच, घुबडं, मधमाश्या, कितीतरी जीव या सुताराच्या ढोल्यांवर जगतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना जिवंत पाइन स्वतः कोरता येत नाही. पण पिल्लांचा हंगाम तोंडावर आहे, म्हणून खारीला बाहेर काढून अंथरूण साफ केलं. शेजारच्या झाडाला तिच्यासाठी वेगळी पेटी टांगली. मोठा पाइलिएटेड सुतार भोक फोडून रुंद करतो, म्हणून भोकाभोवती धातूची पट्टीही बसवली.

---

जुना_वनरक्षक | १० मार्च

खारीला वेगळं घर दिलंत हे चांगलं केलंत.

---

माडाखाली | २ एप्रिल

किंजळ उभा आहे. मधल्या भोकातून काल सकाळी तांबट पक्षी बाहेर आला. चुलत्यांना बोलावून दाखवला.

---

शेवरी | २७ एप्रिल

काल संध्याकाळी पेटीपाशी जाऊन बसले. सूर्य मावळायच्या सुमारास शेजारच्या वाड्यातली माणसं, म्हणजे पक्षी, परत येऊ लागले. आधी आवाज येतो, पातळ, किरकिरा, एकमेकांना हाका मारल्यासारखा. मग एकेक जण आपापल्या झाडावर उतरतो, खोडावरून सरकत ढोलीपाशी जातो, आत डोकावतो आणि शिरतो. चार आले. तिघे गेले आत. चौथा एक वर्षाचा नर आहे, डाव्या पायात निळ्यावर पिवळं कडं. हिवाळाभर तो फांदीवर झोपत होता, आम्हाला माहीत आहे.

तो आमच्या झाडावर आला. पट्टीला चोचीने ठोकलं. डोकं आत घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. अंधार पडला म्हणून तो आत गेला की उडाला ते नीट दिसलं नाही. आज पहाटे पुन्हा गेले. दुर्बिणीतून पेटीच्या डाव्या बाजूला, आमच्या पांढऱ्या रंगाच्या थोडं खाली, दोन नवी भोकं दिसली. वाटाण्याएवढी, कडा लालसर. वरच्या भोकातून राळेचा एक थेंब निघून बोटभर खाली आला होता, आणि तो ओला होता.